सडा आणि पांढरी : प्रस्तावना

वेळापुरात प्राचीन म्हटले की बोट आपसूक अर्धनारीनटेश्वराच्या देवळाकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण यादव रामदेवरायाच्या आमदानीतील मराठी शिलालेख ज्या गावाने जतन केले आणि ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम दर आषाढीच्या वारीत ज्या गावी पडतो, त्या गावाला आपल्या पुरातनत्वाचा दाखला मिळविण्यासाठी दूर जाण्याचे प्रयोजन उरत नाही. परंतु हे सातशे वर्षांचे माप हाती धरून जो मनुष्याचा इतिहास मोजू जाईल, त्याला या परिसरातील नद्याच खोटे पाडतील. गावाच्या उत्तरेस अकलूजवरून वाहत गेलेली नीरा नरसिंहपुरापाशी भीमेस मिळते. या नीरेला वर बारामतीच्या मुलखात कऱ्हा येऊन मिळालेली असते, आणि त्या कऱ्हेच्या काठी मोरगावजवळ ज्वालामुखीच्या राखेच्या सान्निध्यात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. कऱ्हा-नीरेच्या संगमाजवळ सोनगावी तांबे आणि दगड ही दोन्ही साधने एकाच काळी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वसती होती. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन खेडे आहे. आणि त्या घोडेला मिळणाऱ्या कुकडीच्या काठी जुन्नर तालुक्यात बोरी आहे, जेथे अशीच राख आणि हत्यारे मिळाली आहेत. या चारही ठिकाणांवरून आलेले पाणी नरसिंहपुराच्या संगमात एक होते, आणि मग ते पंढरीस जाते. ज्या वाटेने वारकरी सात शतके चालत आले, तिच्या आजूबाजूने माणूस किती सहस्रके चालत आला असेल, याचा अंदाज करण्यास एवढे पुरे आहे.

पुढील प्रकरणांचा विषय मात्र केवळ देशावरचा नाही. समुद्रकिनारा, सह्याद्रीचा माथा आणि त्याच्या पूर्वेची पठारे या तिहींवरील प्रागैतिहासिक मानवाच्या वावराचा एकत्र विचार त्यांत केला आहे, आणि हा एकत्रपणाच मला त्यांचा मुख्य गुण वाटतो. आपल्याकडे सह्याद्री हा नेहमी भिंत म्हणून पाहण्याची सवय जडली आहे: अलीकडे देश, पलीकडे कोकण, अलीकडे ज्वारी, पलीकडे भात, अलीकडे पाचशे मिलिमीटर पावसाची वाट पाहणारे माळरान, पलीकडे तीन हजारांहून अधिक मिलिमीटर कोसळणारा पाऊस. महसुलाच्या दप्तराला ही विभागणी सोयीची असेल. पुरातत्त्वानेही ती बिनतक्रार स्वीकारावी हे चमत्कारिक आहे. देशावर गावे सापडली, चित्रे जवळजवळ नाहीत. कोकणात चित्रे सापडली, गावे नाहीत. तेव्हा इकडचा मनुष्य व तिकडचा मनुष्य निराळा, असा निष्कर्ष सहजच निघू लागला. माझे म्हणणे असे की, हा भेद पुष्कळ अंशी मातीचा आहे आणि थोड्याबहुत अंशी शोधणाऱ्यांच्या पायांचा.

पायांचे आधी सांगतो. 1863 साली रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार मिळाले आणि हिंदुस्थानातील प्रागितिहासाच्या अभ्यासास प्रारंभ झाला. पण त्यानंतरही दीर्घकाळ असा समज रूढ होता की दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात आदिमानव फारसा राहिलाच नसावा, कारण हत्यारांस योग्य असा क्वार्टझाइट दगड येथे मिळत नाही. 1939 साली डॉ. हसमुख सांकळिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि नाशिकजवळ गंगापूर, प्रवरेच्या काठी नेवासे अशा ठिकाणी नद्यांचे काठ धुंडाळून त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी हा समज मोडीत काढला. पुढे 1966 ते 1969 या वर्षांत गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषीने नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यात पूर्वाश्मयुगीन हत्यारांचे मोठे स्थळ उकरून काढले. क्वार्टझाइट नसला तर नसो, त्या माणसाने बेसाल्टात घुसलेल्या डाइकांचा, म्हणजे भिंतीसारख्या उभ्या शिळांचा, अधिक कणखर दगड हेरला होता. दगड मिळत नाही म्हणून माणूस नव्हता, हे अनुमान करणाऱ्या पंडितांपेक्षा हत्यार घडविणाऱ्याला दगडाची पारख अधिक होती, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे डॉ. शां. अ. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी मिळाली, तिचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे मानले जाते. म्हणजे खानदेशच्या माळावर त्या काळी शहामृग धावत होते. परंतु या साऱ्या थोर कामाचा नकाशा मांडून पाहिला तर तो पुणे, नगर, नाशिक, जळगाव या पट्ट्यात दाटलेला दिसतो, आणि घाटाखाली तो एकदम विरळ होतो. संस्था जेथे असते तिच्याभोवती इतिहास दाट होतो. यात कोणाचा दोष नाही, पण नकाशा वाचताना ही गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे.

आता इनामगाव. वेळापुराहून वायव्येस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरचे हे पांढरीचे, म्हणजे जुन्या वसतीच्या मातीचे, टेकाड 1968 ते 1983 या काळात डॉ. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या देखरेखीखाली हंगामामागून हंगाम उकरले गेले, आणि भारतातील दुसऱ्या कोणत्याही ताम्रपाषाणयुगीन खेड्याचा संसार इतका तपशीलवार क्वचितच डोळ्यांपुढे आला असेल. इ. स. पूर्व 1600 च्या सुमारास माळव्याकडील संस्कृतीचे लोक येथे प्रथम वसले, इ. स. पूर्व 1400 पासून पुढे चारशे वर्षे जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ. आणि नंतरची तीनशे वर्षे उतरती कळा. भरभराटीच्या काळात घरे चौकोनी, मोठी, कुडाच्या भिंतींची व रांगेने बांधलेली आहेत. नदीच्या पुराचे पाणी वळवून नेण्यासाठी पाट खोदला आहे. जव हे मुख्य धान्य आहे, सोबत गहू आणि कडधान्ये आहेत. इतका मोठा पाट एका कुटुंबाने खोदता येत नाही आणि त्याच्या पाण्याची वाटणी भांडणाशिवाय एका माणसाच्या शब्दावाचून होत नाही; तेव्हा गावात कोणी तरी पाटील असावा, असा तर्क करण्यात आला, आणि पाच खोल्यांचे एक घर त्याचे म्हणून ओळखले गेले. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या, पोट सुटलेल्या, कच्च्या मातीच्या रांजणात एक प्रौढ पुरुष बसल्या स्थितीत पुरलेला आढळला.

तेथील दफनाचा सर्वसाधारण प्रघात निराळा आहे आणि तो पाहताना मन थबकते. मूल गेले तर दोन करड्या मडक्यांत त्याचे शव ठेवून ती मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच, नित्य वावरण्याच्या जागी, पुरीत. आणि मोठे माणूस गेले तर त्याला उत्तर-दक्षिण निजवून पुरीत, परंतु घोट्यांपासून त्याचे पाय तोडून. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, किंवा भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून असेल. दोन्ही तर्क केले गेले आहेत, आणि दोन्ही परस्परविरुद्ध असूनही मला दोन्ही खरे वाटतात, कारण आपल्या माणसाविषयी जिवंतांच्या मनात या दोन भावना एकाच वेळी असू शकतात.

इ. स. पूर्व 1000 नंतर हे चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात आणि त्या दोन-चारांच्या पुंजक्याने उभ्या राहतात. मडक्यांचे काम ओबडधोबड होते. शेती खालावते आणि शिकारीच्या जनावरांची हाडे वाढतात. डॉ. ढवळीकरांनी याचे कारण पाऊसमान घटण्यात शोधले आणि हे लोक पुढे अर्धभटके, मेंढ्या-गुरे राखणारे झाले असावेत असे मत मांडले. इ. स. पूर्व 700 च्या सुमारास गाव ओस पडले. अवर्षणाने गाव उठणे म्हणजे काय, हे माण-माळशिरसाच्या वाचकाला पंडितांनी समजावून सांगण्याची गरज नाही.

या सगळ्या ऐवजात मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू मात्र फार क्षुद्र आहे. इनामगावच्या राखेमातीत समुद्रातील माशांची हाडे मिळाली आहेत. नदीतले मासे घोडेत मिळत होते. हे ते नव्हेत, हे खाऱ्या पाण्यातले आहेत. जवळचे बंदर म्हणून संशोधकांनी कल्याणचे नाव सुचविले आहे. ते दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. ताजा मासा एवढी वाट टिकत नाही. तो वाळवून, खारवून आला असला पाहिजे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे शंख, कर्नाटकातून आलेले सोने व हस्तिदंत यांचीही नोंद आहे. पण शंख आणि सोने मिरविण्यासाठी असते, त्यासाठी माणूस कितीही लांब जातो. सुकी मासळी ही जेवणाची वस्तू आहे. ती एकदा चुकून आली तर तिला चव लागत नाही. ती खाण्याची सवय व्हावी लागते, आणि सवय व्हायला वाट वाहती असावी लागते. येथे एक अडचण उभी राहते, जिच्याकडे मला वाचकांचे लक्ष विशेष वेधायचे आहे. जोर्वे संस्कृतीच्या दोनशेहून अधिक वसत्या महाराष्ट्रात सापडल्या; परंतु कोकणपट्टी आणि विदर्भाचा काही भाग त्यातून वगळावा लागतो. कोकणात जोर्व्यांची लाल, काळ्या रेघांची, खणखण वाजणारी मडकी नाहीत. मग मासा धरला कोणी, खारवला कोणी, आणि घाटाच्या पायथ्यापर्यंत आणून दिला कोणी? मडके मागे ठेवले नाही म्हणून जो इतिहासाच्या हजेरीपटावर आला नाही, असा माणूस घाटाखाली होता, एवढे तरी त्या हाडांनी सिद्ध केले आहे.

तो माणूस सापडत का नाही, याचे उत्तर कोकणच्या भूमीत आहे. देशावर नदीने आणलेला गाळ थरावर थर साचवतो आणि पांढरीची चुनखडीयुक्त माती हाडे सांभाळून ठेवते. कोकणचा जांभा आम्ल आहे, त्यावर चार महिने पाऊस कोसळतो, आणि हाड, लाकूड, धान्य यांपैकी काही म्हणून तेथे उरत नाही. उरतो तो दगड. दुसरे कारण त्याहून मोठे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, जगातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा अदमासे 120 मीटरांनी खाली होती. म्हणजे मुंबई-रत्नागिरीसमोरचा उथळ सागरतळ तेव्हा कोरडी जमीन होता, खाड्या व नद्या त्यावरून पुढे वाहत होत्या, आणि शिंपले वेचणारा, मासे धरणारा मनुष्य आजच्या किनाऱ्यापासून कित्येक कोस पश्चिमेस राहत होता. बर्फ वितळत गेले तसा समुद्र चढत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळपास स्थिरावला. त्या मधल्या सहस्रकांतील किनाऱ्यावरची बिऱ्हाडे आज पाण्याखाली आहेत. आपण ज्याला कोकणची प्राचीन भूमी म्हणून न्याहाळतो ते सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारे, त्या काळी किनारा नव्हतेच. ते किनाऱ्यावरच्या माणसाचे डोंगरमाथे होते. हे ध्यानी घेतले की किनारा आणि उंच प्रदेश हे दोन शब्दसुद्धा जपून वापरावे लागतात.

तरीही जे हाती लागले ते थोडे नाही. मुंबईच्या कांदिवली भागात कमांडर टॉड या नौदलातील अधिकाऱ्याने 1930 च्या दशकात अश्मयुगीन हत्यारे जमविली. आज त्या जागांवर इमारती उभ्या आहेत. गुहागर तालुक्यात पालशेतजवळच्या सुसरोंडीच्या गुहेत डॉ. अशोक मराठे यांनी उत्खनन केले. कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेत अलीकडे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने खोदकाम करून दगडी हत्यारे उजेडात आणली. आणि या सर्वांवर ताण म्हणजे कातळशिल्पे. रत्नागिरी व राजापूर तालुक्यांतील सड्यांवर सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या निसर्गयात्री संस्थेने वर्षानुवर्षे पायपीट करून, गुराख्यांना आणि गावच्या वृद्धांना विचारून, हजाराहून अधिक आकृती नोंदविल्या. ज्यांना पांडवांनी एका रात्रीत काढलेली चित्रे म्हणून गावकरी ओळखत होते, त्यांची दखल 2022 साली युनेस्कोने आपल्या संभाव्य वारसा-यादीत घेतली. रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यात कुशावतीच्या काठचे फणसायमाळ अशी ती नावे आहेत.

कशेळीचा हत्ती उदाहरणादाखल पाहावा. तो सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या एकट्याच्या देहरेषेच्या आत इतर पशू, पक्षी आणि जलचर यांच्या आकृती दाटीने कोरल्या आहेत. तो भिंतीवर नाही, सपाट सड्यावर निजलेला आहे. त्यामुळे जवळ उभे राहिले तर नुसत्या खोबणी दिसतात, थोडे मागे सरले तर एखादा पाय लागतो, आणि संपूर्ण हत्ती एका दृष्टीत मावावा तर उंचावर जावे लागते. ज्याने तो कोरला त्याने तो कधी आपल्यासारखा वरून पाहिला नसेल; मग एवढ्या लांबीची रेषा न चुकता त्याने कोणत्या मापाने धरली असेल? पाठीचा बाक काढताना सोंड त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होती. या कारागिराला प्राथमिक, रानटी इत्यादी विशेषणे लावणारांनी एकदा एवढा मोठा साधा वर्तुळाकार तरी सुतळीशिवाय मैदानावर आखून पाहावा.

या चित्रांत कोठेही नांगर नाही, पेरणी नाही, पाळलेल्या जनावरांचा कळप नाही. गेंड्यासारखे आज कोकणात नावालाही न उरलेले जनावर मात्र आहे. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे 1974 साली सापडलेल्या चार अजोड कांस्यमूर्तींतही हत्ती आणि म्हशीच्या सोबत गेंडा आहे, हे येथे आठवते. घाटाच्या एका अंगाला तो दगडात कोरलेला, दुसऱ्या अंगाला चाकांवर ओतलेला. या दोहोंमध्ये काळाचे अंतर फार असण्याचा संभव आहे, म्हणून त्यांचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. परंतु दोन्हीकडची माणसे एकाच अरण्याच्या शेजाराला होती, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

माणसे घाट चढत-उतरत होती याचा एक पुरावा आजही चालत असतो. फलटण, माळशिरस या कोरड्या भागांतील धनगर दसरा-दिवाळी उलटली की बिऱ्हाड घोड्यांवर घालून कोकणाकडे उतरतात, भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या खाचरांत खतासाठी मेंढरे बसवतात, त्याबदल्यात धान्य घेतात आणि पावसाच्या तोंडावर परत देशावर येतात, कारण कोकणच्या ओलीत मेंढरू तगत नाही. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने या लोकांच्या देवांचा मागोवा घेत घेत त्यांच्या वाटांचा जो अभ्यास केला, तो प्रागितिहासाच्या विद्यार्थ्यानेही वाचावा अशी माझी शिफारस आहे. आजचे धनगर हे इनामगावकरांचे वंशज होत असे मला मुळीच सुचवायचे नाही. असली सोपी वंशावळ लावण्याची खोड आपल्याकडे फार आहे आणि ती विघातक आहे. सुचवायचे ते इतकेच की, पाऊस जेथे एका बाजूस अति आणि दुसऱ्या बाजूस अत्यल्प पडतो, तेथे वर्षाचे दोन भाग करून दोन्ही बाजूंनी जगणे ही त्या भूगोलाने शिकविलेली रीत आहे, आणि पाणी आटल्यावर इनामगावच्या अखेरच्या पिढ्यांनी ती पत्करली असल्यास त्यात नवल नाही. तसे असेल तर त्यांच्या वर्षाचा अर्धा भाग कोकणातच शोधावा लागेल.

शोधायला फार अवधी आहे असे मात्र नाही. देशावर पांढरीची माती माळवदावर घालायला आणि शेतात खत म्हणून पसरायला पिढ्यान्‌पिढ्या नेली जाते, आणि कित्येक टेकाडे गाड्या-गाड्यांनी अशीच नाहीशी झाली. नीरा-भीमेच्या पात्रांतून वाळूच्या लिलावामागून लिलाव झाले, त्या वाळूच्या तळच्या गोट्यांत काय होते हे पाहायला कोणी उभे नव्हते. भीमेचा लांबच लांब काठ उजनीच्या जलाशयाखाली गेला. कोकणात चिरेखाणी सडा कापत पुढे सरकतात. 2023 साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती-परीक्षणावरून जे आंदोलन पेटले, त्यात ही शिल्पे वर्तमानपत्रांत आली; वारसा म्हणून नव्हे, वादातला मुद्दा म्हणून. उलट उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या सड्यावरच्या हत्तीभोवती संरक्षक कठडा उभारला, आणि हे काम सरकारी हुकमाची वाट न पाहता झाले हे नमूद केले पाहिजे.

शेवटी कालनिर्णयाविषयी एक खुलासा, कारण पुढील प्रकरणांत एकाच गोष्टीची निरनिराळी वर्षे आढळून वाचक गोंधळण्याचा संभव आहे. इनामगावच्या तारखा जळक्या धान्याच्या व कोळशाच्या कार्बन-परीक्षेवर आधारलेल्या आहेत. त्यांत फेरफार झाला तरी तो शतकाचा होईल, सहस्रकांचा नव्हे. कातळशिल्पांचे तसे नाही. दगडातल्या खोबणीला कार्बन नसतो. म्हणून त्यांना दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची म्हणणे हे विषयांवरून व शैलीवरून केलेले अनुमान आहे, आणि ते त्याच नात्याने वाचावे. कुकडीकाठच्या बोरीच्या राखेचे प्रकरण तर याहूनही गुंतागुंतीचे आहे. त्या राखेचे वय एका मोजणीने सुमारे 14 लाख वर्षे आले, दुसऱ्या मोजणीने सुमारे 6 लाख 70 हजार, आणि तिसऱ्या पक्षाच्या मते ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या 74 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातून येथवर उडत आलेली राख आहे. या तीन आकड्यांपैकी कोणता खरा यावर तिच्याजवळ मिळालेल्या हत्यारांचे वय, आणि पर्यायाने या खोऱ्यात माणूस केव्हापासून आहे या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. म्हणून त्या प्रकरणात तिन्ही आकडे आपापल्या आधारांसह दिले आहेत आणि एकाची निवड केलेली नाही. मला स्वतःला मधल्या आकड्याकडे कल द्यावासा वाटतो, पण तो कलच आहे, आणि बोरीच्या काठावरची राख नव्याने तपासली गेली तर तो बदलण्यास मी तयार आहे.

वेळापूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर